माऊसवरचा हात आधी काढा

आमच्या वस्तीत विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. दहा बाय बाराची खोली, दोन जुने संगणक आणि एक प्रिंटर, जो बहुतेक वेळा बंदच असतो. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक मावशी मुलाचा हात धरून तिथे आल्या. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणी दिवस मावळला की तो धडपडायचा, गटारावरच्या लादीवरून पाय चुकायचा. घरचे म्हणायचे, याचं लक्षच नसतं. बाराव्या वर्षी मोठ्या दवाखान्यात कळलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. चष्म्याने जाणारा नाही. आता त्याला समोरचं माणूस सावलीसारखं कळतं, अक्षर दिसत नाही. "सिस्टर, शिष्यवृत्तीचा फॉर्म तेवढा भरून द्या," मावशी म्हणाल्या.

आम्ही भरून दिला. आम्ही म्हणजे रविवारी अभ्यासिकेत बसणाऱ्या चौघी, त्यातल्या दोघी परिचारिका. वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं की एक सवय हाडात भिनते: समोरच्याला जमत नाही ना, मग आपण पटकन करून टाकायचं. पंधरा मिनिटांत फॉर्म झाला. मोबाइल नंबर आमच्यातल्या एकीचा, ईमेल आम्हीच उघडलेला, पासवर्ड आमच्या डायरीत. मुलगा शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून होता. जाताना दोघांनी जय भीम केला. आम्हालाही काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांनी अर्ज त्रुटी काढून परत आला. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत पुसट होती, पुन्हा जोडा, एवढंच होतं. तो मेसेज आमच्या फोनवर आला आणि गटांच्या शेकडो मेसेजांखाली गाडला गेला. मुदत गेली. त्या वर्षाचे पैसे गेले. मावशी घरकाम करतात, वर्षाची शिष्यवृत्ती त्या घरात काय असते ते वाचकांना सांगायला नको. मुलगा भांडला नाही. म्हणाला, "ताई, तो मेसेज माझ्या फोनवर आला असता तर मी ऐकला असता."

त्याचा फोन बोलतो, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

अंध किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला संगणक वापरायला मदत कशी करायची, हे त्यानंतर आम्ही त्याच्याकडून आणि मग आलेल्या पाच-सहा जणांकडून शिकलो. तेच इथे मांडतो आहोत.

संगणक कानाने कसा चालतो

पडद्यावर जे दिसतं ते संगणकाच्या पोटात आधी मजकूर म्हणूनच असतं. "हे बटण आहे, त्याचं नाव सबमिट." "ही रिकामी चौकट आहे, इथे नाव लिहायचं." डोळस माणसाला ते चित्राच्या रूपात दिसतं. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम तीच माहिती संगणकाकडून मागून घेतो आणि बोलून दाखवतो. आपण कीबोर्डवरून एकेक पाऊल पुढे सरकलो की तो सांगतो, आता तुम्ही इथे आहात. माऊस लागत नाही. माऊसचा बाण कुठे आहे हे बघावं लागतं, म्हणून अंध माणसाला तो निरुपयोगी.

असे प्रोग्राम पूर्वीपासून होते, पण फार महाग. जॉझ नावाचा प्रोग्राम आजही विकतच घ्यावा लागतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ठरवलं की डोळस माणसाला पडदा वाचायला जादा पैसे पडत नाहीत, तर अंधाला का पडावेत. त्याने एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टे हा त्याचा मित्र त्याला येऊन मिळाला. तोही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. आज जगभर हा प्रोग्राम वापरतात. तो मराठीही बोलतो, हिंदीही. आवाज यंत्रासारखा आहे, आजीच्या गोष्टीसारखा गोड नाही. पहिल्या दिवशी सगळेच नाक मुरडतात, आठवड्यात सवय होते.

विंडोजमध्ये स्वतःचाही एक वाचक असतो, नॅरेटर. कुठल्याही सायबर कॅफेत बसलात आणि काहीच हाताशी नसेल, तर विंडोज की, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा, तो बोलू लागेल. पण रोजच्या कामाला आम्ही एनव्हीडीए शिकवतो.

आधी डोळे तपासले आहेत का

आरोग्याचं पान आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे एक आजोबा "मला बोलणारा संगणक शिकवा" म्हणून आले, त्यांना दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. त्यांना आम्ही संगणकाऐवजी सरकारी रुग्णालयात नेलं. शस्त्रक्रिया मोफत झाली, आता ते पेपर वाचतात आणि आमच्याकडे फिरकत नाहीत. ज्याचं दिसणं परत येऊ शकतं त्याने आधी तिकडे जावं. शुगर असणाऱ्यांनी दिसायला त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. आणि डोळ्यासमोर अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके तरंगू लागले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर रविवार-सोमवार न बघता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पडदा सुटत असला तर तासांचा हिशोब असतो.

आता ज्यांना थोडं दिसतं त्यांच्याविषयी. "कमी दिसतं" या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं बसतात. शुगरने पडदा खराब झालेल्याला तुकड्यातुकड्यांनी दिसतं, कालचं आज नाही. उतारवयात पडद्याचा मधला भाग झिजतो तेव्हा समोरचा चेहरा दिसत नाही, पण कडेने चालणारी मांजर दिसते. अशा माणसाला अक्षर मोठं केलं की उपयोग होतो. काचबिंदू आणि आमच्या मुलासारखा पडद्याचा आजार, यांत उलटं होतं. कडेचं जातं आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलं उरतं. त्या नळीत अक्षर मोठं करून ठेवलं तर अर्धंच मावतं. सुरुवातीच्या काळात त्याला लहान पण गडद अक्षरच सोयीचं होतं, आणि शेजारपाजारचे सगळे "मोठं करून दे, मोठं करून दे" म्हणायचे. बुबुळावर डाग असेल किंवा मोतीबिंदू असेल तर पांढरा पडदा डोळ्यांत घुसतो, तिथे काळ्यावर पांढरी अक्षरं बरी पडतात.

म्हणून अंदाज करू नका, विचारा आणि करून बघा. विंडोज की धरून अधिकचं चिन्ह दाबलं की पडदा मोठा होतो, विंडोज की आणि एस्केपने बंद होतो. डावीकडचं अल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की रंग उलटतात. बल्ब किंवा खिडकी संगणकाच्या मागे नको. आमच्या अभ्यासिकेत नुसतं टेबल फिरवल्यावर एका ताईंचं डोकं दुखायचं थांबलं.

एक समजूत मात्र मोडायलाच हवी. "उरलेली नजर जपून ठेव, संगणक बघून ती संपेल." एके काळी डॉक्टरही असं सांगत. नजर ही डब्यातल्या साखरेसारखी वापरून संपत नाही. डोळे थकतील, कोरडे पडतील, तेव्हा थोडं थांबायचं, बस्स.

आणि एक आडवळण. या मुलाचे आईवडील नात्यातले, वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केलेलं. पडद्याच्या या आजाराचा दोष कितीतरी घरांत आई आणि बाप दोघांकडून लपून येतो. दोघांचे डोळे ठणठणीत असतात, पण तसा दोष दोघांतही असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्न झालं की दोघांत एकच दोष असण्याचा संभव वाढतो. मावशींनी वर्षानुवर्षं ग्रहणाला दोष दिला, नंतर स्वतःला. दोष कुणाचाच नाही, पण पुढची सोयरीक ठरवताना हे माहीत असावं.

पहिले चार रविवार

सामान फार लागत नाही. विंडोज १० किंवा ११ चालणारा जुना संगणक चालतो, आवाज नीट हवा. इअरफोन हवा, पण एकाच कानात. दुसरा कान खोलीसाठी मोकळा राहू द्या, आई हाक मारते, कुकरची शिट्टी होते. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग असलेला बरा. एनव्हीडीए इंटरनेटवरून मोफत उतरवता येतो. सुरू होताना तो विचारतो की कॅप्स लॉक ही त्याची खास की म्हणून वापरायची का, तिथे हो म्हणा. नाहीतर इन्सर्ट ही त्याची की असतेच. तो पेनड्राइव्हमध्येही ठेवता येतो. आमचा मुलगा असा पेनड्राइव्ह गळ्यात घालून फिरतो आणि कॉलेजात, कॅफेत, कुठेही लावतो.

पहिल्या दिवशी संगणकाचं काहीच शिकवू नका. कीबोर्ड मांडीवर द्या आणि हात फिरवू द्या. एफ आणि जे या दोन अक्षरांवर बोटाला लागणारी बारीक रेघ असते, तशीच आकड्यांमधल्या पाचवर. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवल्या की बाकीचं गाव सापडतं. जी की सापडत नाही तिच्यावर नेलपॉलिशचा एक थेंब वाळवून ठेवा. मग एनव्हीडीएची खास की धरून वरच्या ओळीतला एक दाबा. आता जी की दाबाल तिचं फक्त नाव ऐकू येतं, संगणकात काही घडत नाही. बिघडण्याची भीती नाही. शाळेतल्या पोरांसारखं तासभर दाबत बसू द्या. परत तेच दाबलं की ही सोय बंद.

दुसरी गोष्ट, आवाज थांबवायचा कसा. कंट्रोल दाबलं की तो गप्प बसतो. हे आम्ही आधी सांगायला विसरायचो, आणि माणसं त्या अखंड बडबडीने घाबरून उठून जायची.

मग बाकीच्या. टॅबने पुढे, शिफ्ट धरून टॅबने मागे. बाणांनी यादीत वरखाली. एंटरने आत, एस्केपने बाहेर. अल्ट आणि टॅबने एका कामातून दुसऱ्या कामात, अल्ट आणि एफ फोरने बंद. हरवल्यासारखं झालं तर खास की आणि टी दाबलं की कुठल्या खिडकीत आहोत ते कळतं, खास की आणि टॅबने नेमकं कशावर उभे आहोत ते कळतं. या दोन पहिल्या महिन्यात जितक्या लागतात तितक्या दुसऱ्या कुठल्याच नाहीत. डोळस माणूस हरवला की बघतो. यांना विचारता यायला हवं, आणि तेही आपल्याला न विचारता.

मराठी लिहिण्यासाठी विंडोजमधला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. डोळस लोक त्याचा कंटाळा करतात, इंग्रजीत लिहून मराठी उमटवतात. पण त्या पद्धतीत पर्यायांची यादी बघत निवडावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये एका बोटाला एक अक्षर, बदलत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. "बाबा" लिहायचं तर वाय, ई, वाय, ई. आमच्याकडे प्रत्येकाचा पहिला मराठी शब्द हाच असतो. शिफ्ट धरलं की कचा ख होतो, तचा थ होतो, त्यामुळे बाराखडी येणाऱ्याला मांडणी लवकर पाठ होते. जोडाक्षरासाठी डी ही हलंताची की.

शिकवणाऱ्याने तोंड कसं वापरावं

आमच्या चुका इथे सगळ्यात जास्त झाल्या.

"इथे क्लिक कर." कुठे? "त्या निळ्या बटणावर जा." "वर कोपऱ्यात आहे बघ." हे सगळं बंद करावं लागलं. आता आम्ही म्हणतो, "टॅब दाबत जा, सबमिट ऐकू आलं की एंटर." म्हणजे आम्हालाही आधी त्या कीज पाठ कराव्या लागल्या. आम्ही एका रविवारी डोळ्यांवर ओढणी बांधून बसलो. अंध माणूस कसा जगतो हे त्याने कळत नाही, तसा दावाही करू नये. पण आपल्या सूचना किती निकामी आहेत ते दहा मिनिटांत कळतं.

स्क्रीन रीडर बोलत असताना आपण बोलायचं नाही. दोन आवाज एकदम आले की दोन्ही वाया. हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. तो चुकीच्या ठिकाणी चाललाय हे दिसत असतं, हात शिवशिवतो, आणि मग माऊसकडे जातो. आपण माऊसने एक टिचकी मारली की त्याच्या डोक्यातला सगळा नकाशा पुसला जातो, कारण आता तो कुठे आहे ते त्यालाच माहीत नसतं. म्हणून आम्ही माऊसची वायरच काढून ठेवतो.

खोलीत आलात तर नुसतं "जय भीम" म्हणून उभं राहू नका, नाव सांगा. आवाज ओळखायची परीक्षा घेऊ नका. "ओळख कोण?" हा खेळ त्यांना वस्तीतले रोज दहा जण खेळायला लावतात. निघताना "मी निघते" म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. बोट दाखवून द्यायचं असेल तर त्याचं मनगट पकडून ओढू नका. आपला हात की वर ठेवा आणि त्याला त्याचा हात आपल्या हातावर ठेवू द्या. वॉर्डात आम्ही कितीदा न सांगता रुग्णाचा दंड धरला असेल, आता आठवलं की लाज वाटते. खुर्ची, वायर, पाण्याची बाटली यांची जागा बदलली तर सांगा.

फॉर्म, पासवर्ड आणि ओटीपी

वेबपानावर एनव्हीडीए एका अक्षराने उड्या मारतो. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर, के दाबलं की पुढच्या दुव्यावर, ई दाबलं की पुढच्या लिहायच्या चौकटीवर, बी दाबलं की पुढच्या बटणावर. पान वरून खालपर्यंत ऐकत बसायचं नाही. पेपर आपण तरी कुठे पहिल्या अक्षरापासून वाचतो?

अडतं ते दोन ठिकाणी. एक, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात तिथे. काही ठिकाणी ती ऐकायची सोय असते, बऱ्याच ठिकाणी नसते. दुसरं, पान बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलेलं नसतं, मग नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. इथे डोळस माणसाची मदत लागते. तेवढी अक्षरं वाचून दाखवा, कुठलं बटण ते सांगा आणि पुन्हा गप्प बसा.

मोबाइल नंबर त्याचाच. ईमेल त्याचाच, त्याने उघडलेला. पासवर्ड तो टाकेल, तेव्हा एनव्हीडीए अक्षर न बोलता नुसतं स्टार म्हणतो. आपण मान फिरवायची. बँकेचं काम असेल तर एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करायची सोय आहे, आवाज चालू राहतो आणि मागे उभ्या असलेल्याला काही दिसत नाही. हे घरच्यांना पटायला वेळ लागतो. "आम्ही काय चोर आहोत का?" एका बहिणीने आम्हाला विचारलं. नाही. पण तिचा स्वतःचा पासवर्ड भावाला माहीत होता का, हे विचारल्यावर ती हसली.

संगणक नसेल तर

बहुतेक घरांत नसतोच. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. त्याचा शॉर्टकट चालू केला असेल तर आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद धरली की तो चालू किंवा बंद होतो. घरातल्या लहान पोरांकडून तो चुकून चालू होतो आणि "फोन बिघडला" म्हणून दुरुस्तीच्या दुकानात जातो, तेव्हा हे लक्षात ठेवा. या फोनला ओटीजीच्या छोट्या जोडणीने साधा कीबोर्ड लावता येतो, आणि टायपिंगचा सराव त्यावर होतो. आमच्या दोन मुली संगणकाला हात लावायच्या आधी अशाच शिकल्या. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप २०२० पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं.

आता वाचकांसाठी एक काम, ज्याला संगणक शिकावा लागत नाही. आपल्या गटांवर कार्यक्रमाची पत्रिका, आरोग्य शिबिराची सूचना, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, सगळं चित्र बनवून टाकलं जातं. निळं रंगकाम, फुलं, फोटो. फोनचा वाचक त्यावर आला की बहुतेक वेळा म्हणतो, "फोटो." बस्स. खाली दोन ओळी टाइप करा: काय, कुठे, कधी, कुणाला फोन करायचा. तसंच श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल आपल्याला मराठी दिसते, पण आतून ती इंग्रजी चिन्हांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तीच खिचडी वाचतो. युनिकोडमध्ये टाइप करा. नोट्सचे मोबाइलवर काढलेले फोटो जोडून पीडीएफ बनवली तर तीही मुकीच असते, कुणीतरी टाइप केलेली प्रत द्यायला हवी. पुस्तक असं टाइप करून देणं ही चोरी आहे का, असं एका प्राध्यापकांनी विचारलं. नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक नफा न घेता करून देता येतं. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तिथे अशी पुस्तकं मिळतात.

कार्ड आणि कायदा

हे थोडक्यात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे आरक्षणासारखे लाभ मिळतात: सरकारी नोकऱ्यांत एकूण चार टक्के, त्यातला एक टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठी, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के. परीक्षेत लेखनिक घेतला तर तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आहे. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे, जिल्हा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. प्रशिक्षणासाठी मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधितांसाठी खास केंद्र आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे.

आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खटला बँकांच्या आणि मोबाइलच्या ऑनलाइन केवायसीवरून होता, जिथे डोळ्यांची पापणी मिटवून दाखवा म्हणतात आणि ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या किंवा अंध माणसाला ते जमत नाही. कार्यालयात कुणी "आमच्या सिस्टिममध्ये तसं होत नाही" म्हणालं तर हा निकाल तोंडपाठ असावा.

या वर्षीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्या मुलाने स्वतः भरला. आता तो एम.ए.ला आहे. एक तास दहा मिनिटं लागली, मध्ये एकदा वीज गेली ती वेगळी. आमचे डोळे त्याने दोनदा मागितले. एकदा चित्रातली अक्षरं वाचायला. दुसऱ्यांदा उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत बघायला. आम्ही सांगितलं, अक्षर नीट आहे, शिक्का जरा फिका दिसतोय. पाठवायचा की पुन्हा स्कॅन करायचा हे त्याचं त्याने ठरवलं, आणि पुन्हा स्कॅन केला.

अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला. पुढच्या रविवारी त्याने तो आम्हाला ऐकवला, इतक्या वेगात की चौघींपैकी एकीलाही शब्द कळला नाही. मग त्याने वेग कमी केला आणि पुन्हा लावला.